झिंक ऑक्साइडचे गॅस सेन्सर आणि डीएफटी: प्रयोग आणि गणना यांची सांगड कुठे घालावी?

सागरमाळ_संशोधक (प्रश्न):
नमस्कार. शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान अधिविभागातून एम.एस्सी. करून मी नुकतेच पीएच.डी.चे काम सुरू केले आहे. सिलार पद्धतीने (काच आळीपाळीने द्रावणांत बुडवून) तिच्यावर झिंक ऑक्साइडचे पातळ थर द्यायचे, त्यात थोडे ॲल्युमिनियम मिसळायचे आणि नायट्रोजन डायऑक्साइड वायूला त्यांचा प्रतिसाद मोजायचा, असे कामाचे स्वरूप आहे. प्रबंधात डीएफटीचे, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पदार्थाचे गुणधर्म काढणाऱ्या संगणकीय गणनेचे, एक प्रकरण असावे, असे गाइडना वाटते. त्यासाठी मी क्वांटम एस्प्रेसो हे सॉफ्टवेअर शिकत आहे, पण पहिल्याच गणनेत बँड गॅप (इलेक्ट्रॉनला वहनासाठी मोकळे होण्यास लागणारी किमान ऊर्जा) ०.८ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास आला, तर थराने शोषलेल्या प्रकाशाच्या मोजणीवरून काढलेल्या आमच्या टॉक आलेखातून तो ३.३ मिळतो. इतका फरक असेल, तर या दोन गोष्टी एका प्रबंधात कशा मांडाव्यात? अनेक शोधनिबंधांत तांबड्या रश्श्यावर शेवटी कोथिंबीर भुरभुरावी तशी डीएफटी आलेली दिसते, आणि ते मला टाळायचे आहे.

इलेक्ट्रॉन_घनता:
बँड गॅपच्या आकड्याने घाबरू नका. तुम्ही बहुधा पीबीई फंक्शनल (डीएफटीतले इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेचे एक अंदाजी सूत्र) वापरले असेल, आणि झिंक ऑक्साइडच्या बाबतीत ते गॅप फार कमी दाखवते, हे सर्वज्ञात आहे. हायब्रिड फंक्शनल हे अधिक अचूक सूत्र वापरल्यास उत्तर प्रयोगाच्या बरेच जवळ येते, मात्र गणनेचा खर्च कित्येक पटींनी वाढतो. माझ्या मते तुमच्या कामात गॅप हा मुख्य मुद्दाच नाही.

त्यापेक्षा डोपिंगचे, म्हणजे मिसळलेल्या ॲल्युमिनियमचे, प्रमाण आधी तपासा. ३२ अणूंच्या सुपरसेलमध्ये (गणनेत पुन्हा पुन्हा येणाऱ्या स्फटिकाच्या तुकड्यात) जस्ताचे १६ अणू असतात. त्यांतील एकाच्या जागी ॲल्युमिनियम ठेवले की प्रमाण ६.२५ टक्के होते. तुमच्या थरात ते एक-दोन टक्के असेल, तर तुम्ही वेगळ्याच पदार्थाची गणना करत आहात. १२८ अणूंचा सेल घेतल्यास हेच प्रमाण १.५६ टक्क्यांवर येते, पण नेहमीच्या डीएफटीचा खर्च मोठ्या सेलसाठी अणुसंख्येच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने चौपट अणूंना साधारण चौसष्टपट वेळ लागू शकतो. ५ नॅनोमीटर व्यासाच्या एका कणात तर पाच हजारांहून अधिक अणू असतात, म्हणून अख्ख्या कणाऐवजी पृष्ठभागाचा एक तुकडाच मॉडेल म्हणून घ्यावा लागतो.

रसायनवाला_शाहूपुरी:
वरील उत्तर पटते, पण प्रयोगाच्या बाजूने एक आक्षेप नोंदवतो. गणनेतला पृष्ठभाग निर्वातातला आणि अगदी स्वच्छ असतो. तुमचा थर मात्र पाण्याच्या द्रावणातून येतो, त्यावर हायड्रॉक्सिल गट असतात, आणि तापवलेल्या सेन्सरवर हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेऊन आधीच बसलेला असतो. नायट्रोजन डायऑक्साइडही इलेक्ट्रॉन ओढून घेतो, म्हणूनच एन-प्रकारच्या (ज्यात वीज इलेक्ट्रॉन वाहून नेतात अशा) या थराचा रोध वाढतो. निदान एक गणना ऑक्सिजन बसलेल्या पृष्ठभागावर करा. कोरड्या आणि दमट हवेत प्रतिसाद मोजून पाहिल्यास उत्तम. आपल्याकडचा पावसाळा तशी संधी दर वर्षी देतोच.

सागरमाळ_संशोधक:
दोघांचेही आभार. गॅप बाजूला ठेवला, तर मग दोन्ही बाजूंनी तपासता येईल अशी राशी कोणती? अधिशोषण ऊर्जा (वायूचा रेणू पृष्ठभागावर किती घट्ट बसतो ते सांगणारी) मी काढू शकतो, पण आमच्या मोजणीत मिळतो तो सेन्सरचा टक्केवारीतला प्रतिसाद, म्हणजे वायूमुळे रोधात होणारा बदल.

इलेक्ट्रॉन_घनता:
त्या दोहोंची थेट तुलना करू नका. प्रतिसाद हा थराची जाडी, सच्छिद्रता, कणांमधल्या सीमा अशा अनेक गोष्टींवर अवलंबून असतो, आणि यांपैकी एकही गोष्ट तुमच्या छोट्या सेलमध्ये नाही. वायू बंद केल्यावर रोध पूर्ववत होण्यास लागणारा वेळ मोजा. रेणू पृष्ठभागावर सरासरी किती काळ टिकतो, याचा अंदाज सुटण्याची ऊर्जा आणि तापमान यांवरून बांधता येतो. पृष्ठभागावर बसलेल्या रेणूची कंपनवारिता सेकंदाला १०^१३ धरली आणि ऊर्जा १ इलेक्ट्रॉन व्होल्ट असली, तर २७ अंश सेल्सिअसला हा काळ पावणेदोन तासांच्या आसपास येतो, आणि २०० अंशांना केवळ चार-पाच मिलिसेकंद.

तेव्हा चार-पाच तापमानांना पुनर्प्राप्तीचा वेळ मोजा, त्याचा लॉगॅरिदम एक भागिले निरपेक्ष तापमानासमोर मांडा आणि उतारावरून ऊर्जा काढा. ही तुमची प्रायोगिक ऊर्जा. गणनेतली अधिशोषण ऊर्जा तिच्याशेजारी ठेवता येते, कारण दोन्ही इलेक्ट्रॉन व्होल्टमध्येच आहेत आणि एकाच घटनेविषयी बोलतात. शक्य असल्यास मोजणीपूर्वीच गणना पूर्ण करून तिचा आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवा. गाइडना ही कल्पना आवडेल असे वाटते.

रसायनवाला_शाहूपुरी:
उत्तम सूचना. फक्त उच्च तापमानाला मोजलेला वेळ चेंबर रिकामे होण्याचा आणि थराच्या छिद्रांतून वायू बाहेर पडण्याचाच असू शकतो. मिलिसेकंदांत सुटणारा रेणू आपल्या उपकरणाला दिसणारच नाही. त्यामुळे चेंबर किती वेळात रिकामे होते हे आधी पाहा, दोन वेगवेगळ्या जाडीचे थर घ्या आणि दोन्हींचा उतार सारखा येतो का, हे तपासा. तो सारखा आला नाही, तर मोजलेली ऊर्जा पृष्ठभागाची मानू नका.