स्पोर्ट्स कार: आत्ता घ्यायची की थांबायचं? (बजेट ९५ लाख, पार्किंग पुण्यात)

वळणदार (धागाकर्ता)

विषय जुनाच आहे, पण २०२५ पासून आकडे इतके हललेत की जुन्या धाग्यांचा उपयोग राहिला नाही.

बजेट सगळं धरून, गाडी रस्त्यावर येईपर्यंत ९५ लाख. रोजच्या ऑफिससाठी नाही, शनिवार-रविवार ताम्हिणी, पानशेत, कधी महाबळेश्वर. डोक्यात दोनच गाड्या आहेत: नवी बीएमडब्ल्यू एम३४०आय, नाहीतर वापरलेली पोर्शे ७१८ केमन. गोल्फ जीटीआय आणि ऑक्टाव्हिया आरएस आवडल्या होत्या, पण २०२५ मध्ये त्या मोजक्याच आल्या, त्यामुळे तो विषय संपला.

माझं मत, थांबण्यात अर्थ नाही. मोठ्या गाड्यांवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर सेस, मिळून ४५ ते ५० टक्के जायचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सरळ ४०. याच्या खाली सरकार जाईल असं मानायला मी तयार नाही. आणि पेट्रोलवरच्या हलक्या, दोन सीटच्या गाड्या एकेक करून बंद होताहेत. पेट्रोल ७१८ चं उत्पादन २०२५ मध्येच थांबलं.

थांबा म्हणणाऱ्यांनी मुद्दे मांडावेत. 'पुण्यात रस्ते कुठे आहेत' हा प्रतिसाद आलाच असं समजून चालतो, तो कृपया देऊ नये.

हिशेबनीस

असहमत. जीएसटीकडे बघताय, पण खरा पैसा कस्टम ड्युटीत आहे.

पूर्ण बांधून येणारी एक गाडी बंदरात ४० लाखांना उतरली असं धरा. ११० टक्के ड्युटी म्हणजे ४४ लाख, झाले ८४. जीएसटी या ८४ वर बसतो, ४० वर नाही. तो ३३.६० लाख. एकूण ११७.६०, आणि यात डीलरचा नफा धरलेलाच नाही. आता ड्युटी १० टक्के करून पाहा: ४४ लाखांवर १७.६० जीएसटी, एकूण ६१.६०. तीच गाडी, तेच बंदर. वर आयात गाडीला महाराष्ट्रात रोड टॅक्स २० टक्के, म्हणजे किंमत उतरली की तोही उतरतो.

हे हवेतलं नाही. ब्रिटनबरोबरच्या मुक्त व्यापार करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. युरोपियन युनियनबरोबरची बोलणी २७ जानेवारी २०२६ ला पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, आणि त्यात गाड्यांची ड्युटी टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणायचं ठरलंय. अशा वेळी आयात गाडीत पैसे घालणं म्हणजे सेल लागायच्या आदल्या दिवशी एमआरपीत खरेदी करणं.

टॉर्कमामा

हिशेबनीस, गणित बरोबर, पण चुकीच्या गाडीला लावलंत.

एम३४०आय चेन्नईत जोडली जाते. सुट्या भागांवरची ड्युटी पूर्ण गाडीच्या तुलनेत आधीच किरकोळ आहे. ११० चे १० झाले तरी या गाडीचं बिल तुमच्या उदाहरणासारखं अर्ध्यावर येणार नाही. उलट भाग युरोतच घ्यावे लागतात आणि युरो २०२५ मध्ये शंभर रुपयांच्या वर गेला. जर्मन कंपन्या दर जानेवारीत किंमत वाढवतात ती काही हौस म्हणून नाही.

पूर्ण आयात गाड्यांचंही ऐका. युरोपच्या करारात वर्षाला अडीच लाख गाड्यांचा कोटा आहे आणि कपात टप्प्याटप्प्याने आहे. कोट्यात कंपनी आधी काय आणेल? जे खपतं ते, म्हणजे एसयूव्ही. दोन दारांच्या गाडीचा नंबर सगळ्यात शेवटी.

रोड टॅक्समध्येही इथे जोडलेली गाडी जिंकते. २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के. एक्स-शोरूम ७५ लाख धरले तर ९.७५ लाख. तेवढ्याच किमतीच्या आयात गाडीला १५ लाख. सव्वापाच लाखांत टायरचे किती सेट येतील ते मोजा. सीए लोक सुचवतात तशी कंपनीच्या नावावर घ्यायला जाऊ नका. तिथे रोड टॅक्स पुन्हा २० टक्के, जीएसटीचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, हाती लागतो तो फक्त १५ टक्के घसारा. दहा लाखांवरच्या गाडीवर डीलर १ टक्का टीसीएस (विक्रीवेळीच घेतलेला आगाऊ आयकर) कापतो तो मात्र रिटर्नमध्ये परत मागता येतो. बरेच जण तो खर्चातच धरून बसतात.

एक सवलत खरी असते: डिसेंबरमधला जुना स्टॉक. पण १७ अक्षर-अंकांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) आणि उत्पादनाचा महिना बघूनच बोला. डिसेंबरला घेतलेली गाडी जानेवारीत विकायला काढली तर बाजार ती एक वर्ष जुनी धरतो. सवलत त्याहून जास्त असेल तरच घ्या.

चढउतार

वर सगळे पैशांवर भांडताहेत. आधी गाडी घरात शिरते का ते बघा.

स्पीडब्रेकर हा नेहमीचा बाऊ आहे, त्यात निम्मं तथ्य आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा ब्रेकर १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. अडीच मीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) गाडी त्यावर मधोमध आली की चाकंही उंचवट्यावरच असतात, त्यामुळे पोटाखालची फक्त साडेचार सेंटिमीटर जागा खाल्ली जाते. ग्राउंड क्लिअरन्स (पोट आणि रस्ता यांतली जागा) ११५ मिलिमीटर असला तरी सात सेंटिमीटर उरतात. गाडी आरामात जाते. घासते ती गल्लीतल्या हौशी ब्रेकरवर: १५ सेंटिमीटर उंच, जेमतेम दोन फूट रुंद, उरलेल्या डांबराचा ढीग. तिथे चारही चाकं खाली आणि ढीग बरोबर पोटाखाली. गाडी तिरकी घालतात ती यासाठीच, की एखादं तरी चाक ढिगावर राहावं. पण तेवढी तिरकी घालायला रस्ता रुंद लागतो, आणि शेजारून येणारे दुचाकीवाले तुमची भूमिती समजून घेत नाहीत.

त्याहून वाईट बेसमेंटचा रॅम्प. मोजायची पद्धत सोपी आहे. एक मीटरची सरळ पट्टी घ्या, वरचं टोक उतारावर टेकवा, मोबाइलवरच्या लेव्हलने पट्टी आडवी करा आणि दुसऱ्या टोकाखालची फट मोजा. साडेबारा सेंटिमीटर आली तर उतार १:८ (आठ मीटरला एक मीटर), साडेसोळा आली तर १:६.

रॅम्प संपून सपाटी लागते त्या कडेवर गाडीचं पोट येतं. अडीच मीटर व्हीलबेसला १:८ च्या कडेवर पावणेआठ सेंटिमीटर खर्च होतात. १:६ ला दहाच्या वर. ११५ मिलिमीटरमधून उरला एक सेंटिमीटर, तो दोन माणसं आणि एक बॅग बसली की गेला. १:५ ला गाडी टेकणारच. व्हीलबेस जितका लांब तितकं हे वाईट. त्यामुळे 'सेडान आहे, काय होतंय' असंही म्हणू नका. रॅम्पच्या पायथ्याशी उलटा प्रकार. पुढच्या चाकापासून बंपरचा ओठ ८५ सेंटिमीटर पुढे असेल तर १:६ वर त्याच्यासमोर १४ सेंटिमीटरची चढण उभी असते.

पोर्शे ९११ ला पुढचा भाग ४० मिलिमीटर उचलणारी लिफ्ट पर्यायात मिळते. ती ओठ वाचवते. पोटासाठी तिचा निम्माच उपयोग, कारण मागचा भाग तसाच राहतो.

गल्ली क्र. ७

पट्टी घेऊन रॅम्पवर ओणवा झालेला माणूस कमिटीला दिसला तर गाडीआधी नोटीस येईल.

बोनेटखाली

मी तिसऱ्या बाजूचा. नवीही नको, थांबणंही नको. तीन-चार वर्षं वापरलेली ७१८ घ्या. पहिल्या मालकाने जीएसटी, ड्युटी, टॅक्स सगळं भरून टाकलेलं असतं. फक्त तपासणी नीट हवी, आणि आपल्याकडे ती गाडीभोवती एक फेरी मारून होते.

रंगाची जाडी मोजायचं मीटर न्या. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. २५० च्या पुढे दुसऱ्यांदा रंग, ५०० च्या पुढे खाली पुट्टी. एक दार रंगवलेलं चालतं, पण छत आणि खांबांवर जाड रंग आला तर तिथूनच परत फिरा. टायरवरचे शेवटचे चार अंक वाचा: ३२२१ म्हणजे २०२१ चा ३२ वा आठवडा. कमी चालवलेल्या गाडीत नक्षी शाबूत असते आणि रबर दगड झालेलं असतं, असे टायर पावसात धरत नाहीत. अधिकृत ठिकाणी स्कॅन करून घ्या. पोर्शेच्या इंजिन कंट्रोल युनिटमध्ये आरपीएम मर्यादेबाहेर किती वेळा गेलं याची सहा टप्प्यांत नोंद असते, आणि इंजिनाचे चालू तासही असतात. किलोमीटर भागिले तास केलं की मीटर मागे फिरवलाय का याचा अंदाज येतो.

पुण्यात पाण्याची तपासणी सक्तीची माना. सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढा, जुलै २०२४ ला सिंहगड रोडची एकतानगरी. दोन्ही वेळा पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. चिखलाची रेघ वर स्वच्छ केलेली असते, रिळाच्या तळाशी गुंडाळलेल्या पट्ट्यावर राहून जाते.

हिशेबनीस

बोनेटखाली, तपासणी उत्तम, पण मुद्दा तिथेच आहे. ७१८ पूर्ण आयात. उद्या ड्युटी उतरली की जुन्या आयात गाड्यांचे भाव आधी कोसळणार.

बोनेटखाली

नव्या गाडीशी स्पर्धा असेल तर कोसळतील. पेट्रोल ७१८ नवी बनतच नाही, मग ड्युटी कमी होऊन येणार काय? फार तर ९११ थोडी खाली येईल, आणि ती तरीही दुसऱ्याच बजेटची राहील.

टॉर्कमामा

ठीक, पण बाजारात अशा बऱ्याच गाड्यांवर बाहेरच्या राज्याची पाटी असते. फोटोत स्वस्त दिसतात, पण दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर नवा नंबर घ्यावाच लागतो. मूळ आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी (ना हरकत पत्र), इथे नव्या नंबरसाठी फॉर्म २७, मालकी बदलायला २९ आणि ३०, कर्ज असेल तर ते उतरवल्याचा ३५. आणि मग महाराष्ट्राचा टॅक्स, वयानुसार कमी झालेला पण २० टक्क्यांच्या दराचाच. हा आकडा विक्रेत्याच्या तोंडून न ऐकता आरटीओतून काढा आणि भावातून वजा करून मागा. एनओसी हातात पडेपर्यंत टोकनपलीकडे पैसे देऊ नका.

वापराचंही बघा. आठवड्यातून एकदा निघणारी गाडी तीन-चार आठवडे उभी राहिली की बॅटरी बसते. मेंटेनर चार्जर (उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा) लावायचा तर पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरचा सॉकेट लागतो. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) टाकीत पडून राहिलं की ओल धरतं, म्हणून उभी करायच्या आधी टाकी भरलेली ठेवा, म्हणजे आत हवा कमी राहते. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल २०२० पासून पुण्यात मिळतं, पण ते प्रत्येक पंपावर नसतं. झाकणामागे ९८ लिहिलं असेल तर घराजवळचा पंप आधी शोधून ठेवा. विम्यात इंजिन प्रोटेक्ट (इंजिनाच्या नुकसानीचं जादा कवच) घ्या, आणि पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. खालच्या हवेच्या तोंडातून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं आणि स्टार्टर कनेक्टिंग रॉड वाकवतो. असा दुसरा प्रयत्न केला की विमा कंपनी बोट तिथेच ठेवते.

वळणदार (धागाकर्ता)

हिशेबनीस यांचा मुद्दा पूर्ण आयात नव्या गाडीपुरता मान्य. ती घ्यायची असती तर थांबलो असतो. इथे जोडलेल्या गाडीसाठी थांबायचं कारण अजून कोणी दिलेलं नाही.

रॅम्प मोजला. एक मीटरला १७ सेंटिमीटर. ७१८ चा विषय इथेच मिटला, बोनेटखाली यांची माफी मागून.

चढउतार

१७ म्हणजे १:६ पेक्षा उभा. एम३४०आयचा व्हीलबेस २.८५ मीटर आहे, त्या कडेवर बारा सेंटिमीटर जातील. ब्रोशरमधल्या आकड्यावर विसंबू नका, तो बहुतेक रिकाम्या गाडीचा असतो. टेस्ट ड्राइव्हला बाणेरचा हायवे नको, डेमो गाडी सोसायटीत मागवा. चार माणसं बसवून रॅम्पवरून अगदी हळू चढवा, एकाला बाजूला वाकून बघायला सांगा. टेकली तर कमिटीकडे अर्ज करा: वरच्या कडेला अडीच मीटर लांबीचा, निम्म्या उताराचा काँक्रीटचा तुकडा. एका कडेच्या दोन कडा होतात आणि पोटाखालची जागा जवळपास निम्मीच खर्च होते. मंजुरी मिळाल्यावर बुकिंगची रक्कम भरा, आधी नाही.

गल्ली क्र. ७

म्हणजे थांबायचंच आहे. सोसायटीच्या एजीएमपर्यंत (वार्षिक सभेपर्यंत).