मी, हिम, हर, देम बोलण्यात कसं बसवावं? सल्ला हवा

नवखी_शिक्षिका: मोठ्या वयाच्या काही बायकांना बोलण्यापुरतं इंग्रजी शिकवते. आय, ही, शी, दे जमलं. पुढे ही-हिम, शी-हर आलं की गाडी अडते. तक्ता सगळ्यांना तोंडपाठ आहे, घडाघडा म्हणून दाखवतात आणि लगेच 'आय हिम टोल्ड' बोलतात. एकदोघी तर 'मी गो' वर अडून बसल्यात. व्याकरण न लादता रोजच्या बोलण्यातून काय करता येईल?

खडूफळा: तक्ता आधी बाजूला ठेवा. 'मी गो' होणारच. आपला कर्ता 'मी' आणि इंग्रजीतला मला या अर्थाचा शब्द, दोन्हींचा उच्चार एकच. म्हणून तो सुटा शिकवूच नका. कॉल मी, टेल मी, शो मी, वेट फॉर मी असे जोडच तोंडात बसवा. क्रियापदाच्या मागून यायची सवय लागली की तो वाक्याच्या सुरुवातीला घुसत नाही. 'हिम टोल्ड'लाही हेच औषध: आपलं क्रियापद शेवटी असतं, म्हणून टोल्ड हिम, आस्क्ड हर एका दमात म्हणून घ्या.

सराव करताना वस्तू खरोखर हातातून हातात फिरू दे. किल्ली घ्या. 'गिव्ह इट टू हर.' ती देते. मग तिसरीला विचारा, 'हू हॅज द की?' ती बोट दाखवून म्हणते, 'शी हॅज इट.' पहिलीला विचारा, 'व्हेअर इज द की?' 'आय गेव्ह इट टू हर.' शी आणि हर एकाच बाईसाठी दोन मिनिटांत आले, वेगळं समजावायची गरजच नाही.

आडवाटेचा: +१. आणि 'ला' दिसला की लोक टू चिकटवतात त्याकडे लक्ष ठेवा. 'टेल टू हिम', 'आस्क टू हर'. टेल, आस्क, हेल्प यांना टू नको. टॉक, लिसन यांना हवा. नियम नका सांगू, जोड्या पाठ होऊ द्यात.

शब्दवेडी: आमच्याकडचा हमखास घोळ म्हणजे आदर. 'सरांना विचारलं' याचं 'आय आस्क्ड देम' होतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, चारपाच जणांना विचारलं. एकच सर असतील तर हिम. आदर दाखवायला तिथे सर, प्लीज, कुड यू वगैरे आहेत. तसंच खुर्ची 'ती' म्हणून 'ब्रिंग हर' नको, वस्तूला इट.

खडूफळा: ऐकण्याचंही बघा. भरभर बोलताना टेल हिमचं टेलिम होतं, गिव्ह देमचं गिव्हम. ओळखता आलं तरी पुष्कळ, तसं बोलायलाच हवं असं नाही.

नवखी_शिक्षिका: किल्लीचा खेळ उद्याच घेते! क्रम कसा ठेवू? यू आणि इट बदलत नाहीत, तेच आधी घेऊ का?

खडूफळा: मी आणि यू आधी. समोरासमोर दोघी असल्या की काम होतं: 'कॅन यू हेल्प मी?' 'आय विल कॉल यू.' इट किल्लीबरोबर आपोआप येईल. मग हिम, हर. फक्त 'हर बॅग'मधला हर त्याच दिवशी काढू नका, तिचा आणि तिला यांची खिचडी होते. अस, देम सगळ्यात शेवटी. 'लेट्स गो' मात्र पहिल्या दिवसापासून बोलू द्या. त्यात अस दडलाय हे इतक्यात उकलत बसू नका.