फिडलच्या बाई कागदच देत नाहीत! मुलीला आधी क्लासिकल लावू का? (आयर्लंड)

एनिसवाली

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय.

आम्ही चार वर्षं आयर्लंडमध्ये, काउंटी क्लेअरमधल्या एनिसला राहतोय. लेक नऊ वर्षांची. शाळेत टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) शिकवतात, ती लेक आवडीने वाजवायची, मग एकदा बाजारात रस्त्यावर एक आजोबा फिडल (म्हणजे व्हायोलिनच, पण इथल्या लोकसंगीताच्या ढंगातलं) वाजवत होते तिथे अर्धा तास हलली नाही आणि तेव्हापासून मला फिडल मला फिडल. शेवटी थ्री-क्वार्टर साइजचं भाड्याने आणलं आणि मंगळवारी एका बाईंकडे पाठवायला लागलो, सहा मुलांचा घरगुती क्लास आहे.

आता अडचण अशी की बाई काहीच लिहून देत नाहीत. खुर्चीवर बसतात, ट्यूनचा एक छोटा तुकडा वाजवतात, पोरं वाजवतात, चुकलं तर रागावत नाहीत सांगतही नाहीत, नुसता तोच तुकडा परत वाजवतात. असं चाललेलं असतं. शेवटी पूर्ण ट्यून एकदा सावकाश वाजवतात आणि म्हणतात फोनवर घ्या रेकॉर्ड करून. झालं, संपला क्लास. मी विचारलं नोटेशन मिळेल का तर हसल्या, म्हणाल्या कागद दिला की ती कागदाकडे बघेल, माझ्याकडे नाही.

मी स्वतः गांधर्वच्या मध्यमापर्यंत पेटी शिकलेय, वही परीक्षा सर्टिफिकेट ह्यातच वाढलेली, त्यामुळे मला कळतच नाहीये की हिची प्रगती मोजायची कशी. नवऱ्याचं म्हणणं आधी दोन-तीन वर्षं क्लासिकल व्हायोलिन लावू, ग्रेड परीक्षा देऊ दे, पाया पक्का झाला की मग काय ते फिडल. वाद्य एकच आहे ना शेवटी? कुणी इथे मुलांना शिकवलंय का? काय करू?

(परवा लेकीने आजीला फोनवर सांगितलं "मी केश जिग शिकले" (जिग म्हणजे इथली एक नाचाची चाल), आजी म्हणे अगं काय झालं केसांना.)

कॉर्ककर

बाई सोडू नका. उलट नशीबवान आहात, क्लेअरमध्ये राहून तुम्ही हे विचारताय म्हणजे पंढरपुरात राहून भजन कुठे शिकू विचारण्यासारखं आहे :)

वाद्य एकच, हे बरोबर. लाकूड, चार तारा, जी-डी-ए-ई, सगळं तेच. पण वाजवण्याची भाषा वेगळी. क्लासिकलमध्ये सूर लांबवर, गोल, व्हायब्रॅटो देऊन (बोट हलवून सूर थरथरवत) काढायला शिकवतात. इथे व्हायब्रॅटो जवळजवळ नसतोच, सगळी गंमत उजव्या हातात, गजाच्या (तारांवर घासायच्या काठीच्या) झटक्यात. आणि ते झटके कागदावर येत नाहीत. जिग लिहिलेली बघितलीत तर सहा-आठमध्ये सगळे एकसारखे सूर दिसतील, आपल्या दादऱ्यासारखं तीन-तीन. प्रत्यक्षात कुणीच ते एकसारखे वाजवत नाही, पहिला सूर किंचित ओढतात, पुढचे ढकलतात, आणि किती ओढायचा ते गावागणिक बदलतं. कागदावरून शिकलेला माणूस दोन ओळींत ओळखू येतो.

आता "लिहीतच नाहीत" ह्याबद्दल. असं अजिबात नाही. आमच्या बाजूला कॉर्क-केरीच्या सीमेवर श्लीव लूक्रा म्हणून भाग आहे, पोल्का आणि स्लाइड ह्या नाचाच्या चालींचं माहेरघर. तिथे पॉड्रिग ओ'कीफ नावाचे फिडल मास्तर होऊन गेले (1887 ते 1963). आधी शाळामास्तर, ती नोकरी सुटली आणि मग आयुष्यभर पायी घरोघर फिरून फिडल शिकवलं. त्यांनी स्वतःची एक लिपी केली होती. नोटेशनच्या पाच ओळींच्या मधल्या चार जागा म्हणजे फिडलच्या चार तारा, आणि त्या जागेत आकडा लिहायचा तो बोटाचा, 0 म्हणजे मोकळी तार, 1 म्हणजे पहिलं बोट, असं 4 पर्यंत. सूर कोणता हे माहीत असायची गरजच नाही, बोट कुठे ठेवायचं तेवढं कळलं की झालं. मिळेल त्या कागदावर असं लिहून द्यायचे. पण चाल कशी जाते ती मास्तर समोर बसून वाजवणार, कागद फक्त आठवड्याभरात विसरू नये म्हणून. डेनिस मर्फी आणि त्याची बहीण ज्युलिया क्लिफर्ड हे त्यांचेच शिष्य, दोघांचं वादन ऐका कधीतरी, दोन फिडल आहेत हे विसरायला होतं.

तर तुमच्या जिवाला वही लागत असेल तर ओ'कीफसारखं करा, लेकीलाच सांगा की आज शिकलेलं तुझ्या खुणांनी लिही. तिच्या खुणा, तुमच्या नाहीत.

डब्लिनकर_पुणेकर

मी जरा उलटं बोलतो, शिव्या पडल्या तर पडू देत.

माझा मुलगा असाच नुसता ऐकून ऐकून शिकला. साडेतीन वर्षांत पन्नासेक ट्यून पाठ, सगळे नातेवाईक खूश. आणि मग मान दुखायला लागली, डावं मनगट फिडलच्या मानेला चिकटवून बसायचा, चौथं बोट कधी वापरलंच नाही. जुन्या फोटोंमध्ये फिडल छातीला टेकवून धरलेले बुजुर्ग दिसतात आणि ते अप्रतिम वाजवायचे हे मान्यच, पण त्यांच्यात न दुखता वाजवणारे किती हे फोटोत कळत नाही. शेवटी एका क्लासिकल बाईंकडे वर्षभर पाठवला, नुसतं धरणं आणि गज चालवणं, आणि जुनी सवय मोडताना त्याला जो त्रास झाला तो बघवत नव्हता.

म्हणजे क्लासिकलच लावा असं नाही म्हणत. पण बाई हनुवटी, खांदा, मनगट ह्याकडे बघतात का ते एक दिवस बसून बघा. बघत असतील तर प्रश्नच मिटला.

गजकाठी

डब्लिनकरांशी धरण्याबद्दल शंभर टक्के सहमत. आता मी पुण्याहून, हिंदुस्थानी व्हायोलिनच्या अंगाने लिहितो.

आमच्यात तर वाद्य धरायची पद्धतच वेगळी. मांडी घालून बसायचं, वाद्याचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवायचं म्हणजे डावा हात मोकळा होतो, मग मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घेता येते. तारासुद्धा सा-प-सा-प अशा लावून घेतो. तेच परदेशी वाद्य, पण एन. राजम किंवा डी. के. दातार ऐकताना वाटतं गळाच गातोय. वाद्य एक म्हणून शिक्षण एक होत नाही ताई, हे तुमच्या मिस्टरांना सांगा.

तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल. तुम्ही पेटीच्या परीक्षा दिल्यात म्हणून वही आठवतेय, पण तालीम कशी होते आठवा. गुरुजी एक जागा घेतात, आपण घेतो, जमली नाही तर ते परत घेतात. "चुकलं" म्हणत नाहीत. भातखंड्यांनी बंदिशी लिहून ठेवल्या म्हणून वाचल्या, उपकार आहेत त्यांचे, पण पुस्तकातून बंदिश उचलून थेट मैफलीत कुणी बसत नाही. तुमच्या बाई मला तरी आपल्यातल्याच वाटल्या.

फरक एक आहे, तो ध्यानात ठेवा. आपल्याकडे बंदिश ही सुरुवात, पुढे राग वाढवायचा. त्यांच्याकडे माझ्या समजुतीप्रमाणे ट्यून हीच वस्तू, आठ मात्रांचे, सॉरी आठ बारचे (बार म्हणजे त्यांच्या तालाचं एक माप) दोन भाग, प्रत्येक दोनदा, की पुन्हा पहिल्यापासून. कलाकारी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत एखादा सूर बदलण्यात. तेव्हा तिला "तू स्वतःचं काही वाजव" असा आग्रह धरू नका एवढ्यात.

मडगांवचो

आमच्या गोंयात नेमकी उलटी गोष्ट आहे म्हणून लिहितो. पोर्तुगीज काळापासून चर्चच्या पारिश शाळेत मुलांना आधी सोल्फेज, म्हणजे सूर वाचून तोंडाने म्हणायचे, ते पक्कं झालं की मग हातात व्हायोलिन. माझे आजोबा असेच शिकले, सांगायचे की वाचन येईपर्यंत मेस्तने (संगीताच्या मास्तरने) वाद्याला बोट लावू दिलं नाही. ह्याच शिक्षणावर गोंयकार मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात जाऊन बसले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच, प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन त्यांच्याकडे शिकले. कित्येक संगीतकारांना चाल सुचायची पण लिहिता यायची नाही, ती लिहून घ्यायला गोंयकारच लागायचा.

म्हणून वाचन वाईट असं कोणी म्हणू नका. पण एक सांगतो, लग्नात घुमट (मातीचं तालवाद्य) वाजायला लागलं आणि मांडो (आमचं गोंयचं गाणं) सुरू झाला की आजोबा कागद काढत नसत. डोळे मिटून वाजवत. ते त्यांना मेस्तने नाही शिकवलं, ते घरच्या सोप्यावर ऐकून आलं. दोन्ही लागतं. पण दोन्ही एकाच माणसाकडून आणि एकाच वेळी लागतं असं नाही.

उगीच_एक

+1 मडगांवचो. अवांतर: राजस्थानात भोपे लोक पाबूजी ह्या लोकदेवाची कथा सांगताना रावणहत्था नावाचं गजाचं वाद्य वाजवतात, नारळाच्या करवंटीचा, गजाला घुंगरू बांधलेले, म्हणजे गज चालवता चालवता तालही तोच धरतो. बाप वाजवतो, पोरगं शेजारी बसतं. कागद बिगद काही नाही. चालू द्या.

स्लायगो_रिटर्न

उशिरा आले धाग्यावर. मी सहा वर्षं स्लायगोला होते, तिथे चाळिशीत फिडल सुरू केलं, अजून वाईट वाजवते, पण सल्ला द्यायला तेवढं पुरे.

रेकॉर्डिंगबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. आमच्या स्लायगोचा मायकेल कोलमन 1914 ला न्यूयॉर्कला गेला, 1921 पासून त्याच्या तबकड्या निघाल्या, त्या बोटीतून परत आयर्लंडला आल्या आणि गावोगावच्या ग्रामोफोनवर वाजल्या. वाजवायचा भन्नाटच, प्रश्नच नाही. पण परिणाम असा झाला की दुसऱ्या काउंटीतली पोरंही कोलमनसारखं वाजवायला लागली आणि आपल्या शेजारच्या म्हाताऱ्याची पद्धत त्यांना गावठी वाटायला लागली. तरी डोनेगॉल, क्लेअर, श्लीव लूक्रा ह्यांनी आपापली चाल बरीच टिकवली. डोनेगॉलचा जॉन डोहर्टी ऐका, पत्र्याची भांडी करत घरोघर फिरणारा माणूस, जवळपास प्रत्येक सुराला वेगळा गज, खणखणीत. आणि तुमच्याच काउंटीच्या पूर्वेचा मार्टिन हेज ऐका, त्याचे वडील पी. जे. हेज टुला केली बँडमध्ये (नाचाला साथ करणाऱ्या बँडमध्ये) होते, त्यांच्याकडेच शिकला तो. सावकाश, जरा उदास. विश्वास बसणार नाही की एकाच देशातलं आहे.

हे सगळं पुराण लावायचं कारण असं की लेकीला यूट्यूबवरून ट्यून शोधायला लावू नका निदान पहिली दोन वर्षं. बाईंचं रेकॉर्डिंग आहे ना, तेच ऐकवा, गाडीत, जेवताना, कुठेही. वाजवायच्या आधी तोंडाने म्हणू दे, डिडल-डाय-डाय असं म्हणतात त्याला लिल्टिंग म्हणतात, आपल्या तबल्याच्या पढंतीसारखंच, तोंडात बसलं की हातात बसतं. तुम्हीही म्हणा, पेटी येते ना.

प्रगती कशी मोजायची विचारलंत. इथे मोजमाप म्हणजे "ही ट्यून तुला आहे का" असं विचारतात. "येते का" असं नाही, "आहे का" असं. तिला किती ट्यून "आहेत" ते महिन्याला मोजा. (आणि ट्यून म्हणा हो, साँग म्हणालात की चेहरे बघा लोकांचे, साँग म्हणजे शब्द असलेलं.)

परीक्षा हवीच असेल तर कोल्तस आहे. आयरिश पारंपरिक संगीताची 1951 पासूनची संस्था, शाखा सगळीकडे, क्लासही घेतात आणि ग्रेड परीक्षाही. त्यांची फ्ला नावाची स्पर्धा असते, काउंटी मग प्रांत मग ऑल-आयर्लंड, बारा वर्षांखालच्यांचा वेगळा गट. माझं मत, दोन वर्षं तरी नको. स्पर्धेच्या तयारीत वर्षभर त्याच चार ट्यून घासत बसलेली पोरं मी बघितली आहेत, आपल्याकडच्या स्कॉलरशिपच्या पोरांसारखी.

त्यापेक्षा जुलैच्या सुरुवातीला मिलटाउन मालबेला जा. तुमच्यापासून तासाभराच्या आत. विली क्लॅन्सी नावाचे मोठे पाइपवादक (आयरिश बॅगपाइप वाजवणारे) 1973 मध्ये गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाने तिथे उन्हाळी शाळा सुरू झाली, आठवडाभर सकाळी क्लास आणि दिवसभर गावात प्रत्येक दारात कुणीतरी वाजवत बसलेलं. क्लाससाठी वयाची अट काय ते आधी विचारून घ्या, पण नुसतं फिरायला कुणाची परवानगी लागत नाही.

एनिसवाली

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

डब्लिनकर, तुमचं ऐकून मागच्या मंगळवारी मी मागे स्टूल टाकून बसले. बाई बघतात. बोलत नाहीत पण बघतात. एका मुलाचं मनगट पडलं होतं तर वाजवता वाजवता उठल्या, गजाच्या टोकाने त्याच्या मनगटाला खालून हलकंच टोचलं आणि परत येऊन बसल्या, ट्यून तुटली नाही. नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला ठीक आहे सहा महिने बघू. म्हणजे जिंकले.

कॉर्ककर, खुणांची वही सुरू झाली. लेक आकडे लिहीत नाही, रंग वापरते, ई तार पिवळी आणि जी तार तपकिरी. मला काही वाचता येत नाही त्यातलं.

एक विचारायचंय, रविवारी दुपारी पबमध्ये सेशन (सगळे जमून एकत्र वाजवतात ते) असतं तिथे बाई म्हणतात घेऊन ये. पबमध्ये? नऊ वर्षांच्या मुलीला? आणि तिथे वागायचं कसं?

स्लायगो_रिटर्न

खुशाल न्या. पंधराच्या आतली मुलं आईवडिलांबरोबर चालतात, रात्री नऊपर्यंत, मे ते सप्टेंबर दहापर्यंत. दुपारी तर निम्मी गर्दी पोरांचीच असते.

वागायचं म्हणजे, वाजवणाऱ्यांच्या गोलातली रिकामी खुर्ची दिसली म्हणून बसू नका, ती कुणाची तरी ठरलेली असते. बाई बोलावतील तेव्हा जाऊ दे. येत नसलेली ट्यून चालू असली की फिडल मांडीवर ठेवून ऐकायचं, अंदाजे घासायचं नाही. दोन-तीन ट्यून न थांबता एकामागून एक वाजवतात, ती कुठे बदलली हे ओळखण्याचा खेळ तुम्ही दोघी खेळू शकता. रेकॉर्ड करायचं तर विचारून. ट्यूनचं नाव विचारलंत तर निम्म्या वेळा कुणालाच आठवत नाही, "गॉन अनिम" म्हणतील, तेही नाव समजून लिहून घेऊ नका, आयरिशमध्ये त्याचा अर्थ "बिननावाची" :)

आणि कुणीतरी तिला म्हणेल "एक ट्यून दे". तेव्हा तिने केश सुरू करायची, तिला झेपेल त्या लयीत. सगळे तिच्या लयीत येतात. तुम्ही मोबाइल काढून पुढे पुढे करू नका तेवढ्यात.

डब्लिनकर_पुणेकर

आणि गजाला लावतात ती राळ पुसायला फडकं द्या बरोबर, मुलं विसरतात, वाजवून झालं की तारांखाली पांढरा थर तसाच राहतो आणि लाकडाला चिकटून बसतो. भाड्याचं वाद्य आहे ना, परत करताना बोलतात.

एनिसवाली

फडकं ठेवलं. येत्या रविवारी जातोय, दोन वाजता. एनिसच्या आसपास कुणी असाल आणि यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, गाडीत दोन जागा आहेत. एकटीला तिथे लिंबूपाणी घेऊन कोपऱ्यात बसायची जाम लाज वाटतेय.