मदत हवी आहे: बी पेशींची तालीम मुलांना कशी समजावू?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत बारावीच्या जीवशास्त्राची शिकवणी घेते. प्रतिजन (जंतूचा ओळखू येणारा भाग) बी पेशीच्या, म्हणजे रक्तातल्या एका रोगप्रतिकारक पेशीच्या, ग्राहीला चिकटतं, टी पेशीची मदत मिळते, पेशी विभागतात, काही प्लाझ्मा पेशी होऊन अँटिबॉडी (प्रतिजनाला पकडणारी प्रथिनं) सोडतात, काही स्मृतिपेशी म्हणून राहतात. इथपर्यंत मुलांना नीट कळतं. अडतं ते लसिका ग्रंथीतल्या जर्मिनल सेंटरपाशी.

तिथे अँटिबॉडीच्या जनुकांत भराभर बदल होतात आणि ज्या पेशींची प्रतिजनावरची पकड घट्ट, त्याच टिकतात. मी तालमीचं उदाहरण दिलं. खासबागेत कुस्ती बघितलेल्या पोरांना ते लगेच पटलं.

पण परवा एका मुलीनं आयजीएम आणि आयजीजी या अँटिबॉडीच्या दोन प्रकारांबद्दल विचारलं, "मॅडम, आयजीएमची आयजीजी होताना पकडायची जागाही बदलते का?" मी सांगितलं, नाही, फक्त शेपटाकडचा स्थिर भाग बदलतो, टोकं तीच राहतात. मग तिचा पुढचा प्रश्न: "दुसऱ्यांदा तोच जंतू आला की स्मृतिपेशी थेट प्लाझ्मा पेशी होतात, की परत तालमीत उतरतात?" फार चांगला प्रश्न आहे हो! तिला अर्धवट काही सांगायचं नाही, म्हणून दोन दिवस मागून घेतलेत.

सूक्ष्मजीवशास्त्र किंवा वैद्यकीय शिकलेल्या कुणी जरा सविस्तर लिहाल का? शिवाय आयजीएमच्या १० पकडजागा आणि आयजीजीच्या २ दाखवणारं कागदाचं किंवा मण्यांचं मॉडेल कुणी केलं असेल, तर फोटो टाका. शुक्रवारी तास आहे.