पाणचुलीचा धूर माजघरात येतो. धुराडं चुकलंय की लाकडं?

पडवीकर
गुहागरकडे चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं घर. समुद्र अर्ध्या किलोमीटरवर. स्वयंपाक गॅसवर, पण आंघोळीचं पाणी, भाकरी आणि कुळीथ-कडधान्य मागच्या पडवीतल्या चुलीवर. ३ इंची पत्र्याचा पाइप कौलातून वीतभर वर काढलाय. उन्हाळ्यात ठीक चालतो, पाऊस सुरू झाला की धूर उलटा घरात. घरात दम्याचा पेशंट आहे, गणपतीनंतर बाळंतीण येणार. नक्की काय बदलू? आणि धूर नसतो म्हणून कोळशाची शेगडी चालेल का?

खारा वारा
शेगडीचं उत्तर खाली कोणी देईलच, मी पाइपाचं सांगतो. पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, छपरावर आपटून आढ्यावरून पलीकडे खाली उतरतो. तुमच्या पाइपाचं तोंड आढ्याच्या खाली आहे, त्यामुळे तोच वारा धूर परत आत कोंबतो. पाइप ४ इंची घ्या, तोंड आढ्यापेक्षा किमान २ फूट वर न्या. टोपी हवीच, पण टोपी आणि तोंड यांत ४ इंच मोकळे सोडा, नाहीतर टोपीचंच बूच होतं. आडवा तुकडा टाळा. वळण घ्यावंच लागलं तर एकच, तेही तिरकं. वासे-रीपांपासून पाइप किमान वीतभर लांब ठेवा आणि कौलातून जाताना भोवती पत्र्याची बाही घाला.

पत्रा खाऱ्या हवेत लवकर सडतो, जोडाच्या जागी आधी. भाजलेल्या मातीचा पाइप किंवा चिऱ्याचं धुराडं जास्त टिकतं. जुना सिमेंटचा पाइप पडून असेल तर त्याला करवत लावू नका. त्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असतं आणि कापताना उडणारे तंतू फुप्फुसात कायमचे बसतात.

आता चूल. धुराडं ओढायला लागलं की भांडं आणि चुलीच्या काठातल्या फटीतून गार हवा आत शिरते आणि ओढ मरते. म्हणून भांडं काठावर घट्ट बसेल असं मातीने लिंपून घ्या. वैल (चुलीचं बाजूचं तोंड) वापरत नसाल तेव्हा झाका. तळाशी लोखंडी जाळी टाकून तिच्याखाली दोन बोटं जागा ठेवली की हवा निखाऱ्यांच्या खालून येते. राख साचून ती जागा बुजली की पुन्हा धूर. आणि चुलीचं तोंड लाकडांनी अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. फुंकणी सारखी लागतेय म्हणजे हवा अडलेली आहे.

काजळी महिन्यातून एकदा काढा. दोरीला दगड, त्याच्या वर काथ्याचा घट्ट बोळा, वरून सोडून दोनतीनदा वरखाली करा. नारळाची सोडणं जास्त जळत असतील तर पंधरवड्याला.

आगरातला
पाइप कितीही सुधारा, लाकूड ओलं असेल तर धूर होणारच. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असतं. एक किलो पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता जाते, तेवढ्यात साधं सातएक लिटर पाणी उकळीला येतं. म्हणजे तुमचा हंडा तापायच्या आधी लाकूडच तापतंय.

बेगमी मे महिन्यात करून भागत नाही. जानेवारीत फोडा, मनगटाएवढ्या जाडीचं. खाली दगड ठेवून जमिनीपासून वीतभर वर रचा. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टणटण वाजायला हवं. थप्प असा आवाज आला तर नाही वाळलं. जळताना टोकाला फेस आला तरी तेच. पावसात वाळलेलं लाकूडही दमट होतं, म्हणून आठवड्याचं सरपण खोपीतून आणून घरात कोरड्या कोपऱ्यात ठेवा.

काजूची टरफलं मात्र चुलीत नकोतच. त्यातलं तेल धुराबरोबर डोळ्यांत-घशात जातं, पेशंटला तर लगेच जाणवेल. तेच प्लास्टिकच्या पिशव्यांचं, पेटवायला सुद्धा नको.

माळ्यावरचा
सगळे धूर घालवायच्या मागे. धुरामुळेच वासे टिकतात, आमसुलं टिकतात. चूल बंद केली की भुंगा लागतो.

खारा वारा
@माळ्यावरचा, वाशांचं खरं आहे. पण वाशांना धूर पाहिजे म्हणून माणसांनी तो खायचा का? काजूच्या टरफलाचं तेल वाशांना लावा, त्याचं खरं काम तेच. हातमोजे घालून लावा, अंगाला लागलं तर फोड येतात.

नाडीपरीक्षा नव्हे, स्पायरोमेट्री
समुद्रावरचा वारा सगळं वाहून नेतो हा आपल्याकडचा गोड समज. बाहेरचं नेत असेल, चुलीपाशी बसलेल्याच्या नाकातलं नाही. २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची मर्यादा २४ तासांसाठी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम, आपली भारतीय ६०. चुलीच्या बंद खोलीत आकडा शेकड्यांत जातो. त्यातून दमा बळावतो, सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) होतो, पोरांना न्यूमोनिया, गरोदर बाईच्या बाळाचं वजन कमी. मोतीबिंदूही. रुमाल बांधून हे कण अडत नाहीत.

चुलीपाशी वर्षानुवर्षं बसणाऱ्यांचा खोकला 'धुराचाच आहे' म्हणून सोडू नका. दोन आठवड्यांवर गेला तर आधी बेडका तपासून टीबी नाही ना पाहा. पुढे स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायची तपासणी. सुरुवातीच्या सीओपीडीत एक्स-रे बऱ्याचदा साफ दिसतो.

शेगडी: बंद खोलीत अजिबात नाही. धूर नसतो हेच धोक्याचं, कारण लालबुंद निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला ना वास ना रंग. डोकं जड, मळमळ, गुंगी वाटली तर आधी माणसाला बाहेर मोकळ्यावर आणा, मग १०८.

पडवीकर
मग बाळंतिणीचा शेक? आई खाटेखाली निखारे ठेवायचंच म्हणते.

नाडीपरीक्षा नव्हे, स्पायरोमेट्री
आईंना सांगा, शेक राहू दे, निखारे बाहेर राहू देत. जाड सुती कापडात वाळू भरून पुरचुंडी करा, पडवीत तव्यावर तापवा आणि आत न्या. आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. बाळाजवळ नको.