‘रूल्स ऑफ एंगेजमेंट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : लढाऊ विमानांवरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. ‘रूल्स ऑफ एंगेजमेंट’साठी ‘सहभागाचे नियम’ असं कुठेतरी वाचलं, पण त्यातून काहीच अर्थबोध होत नाही. कारगिलमध्ये युद्ध चालू असतानाच हे नियम बदलले, असंही लेखात आहे. नेमका शब्द सुचवाल का?

उत्तर : ‘सहभाग’ नकोच. वैमानिक लक्ष्य ‘एंगेज’ करतो म्हणजे त्यावर मारा करतो. कशावर, कुठे आणि कोणाच्या परवानगीने, हे वरून ठरून येतं. मी ‘माऱ्याची मुभा’ म्हणेन. ‘नियम’ म्हटलं की कायमचं काहीतरी वाटतं. मुभा दिली जाते, वाढवली जाते, काढूनही घेतली जाते.

व्हिएतनाम युद्धाचंच बघा. उत्तर व्हिएतनाममध्ये क्षेपणास्त्रांचे तळ उभे राहताना अमेरिकी विमानांनी टिपले होते, पण त्यांवर हल्ल्याची मुभा नव्हती. २४ जुलै १९६५ रोजी क्षेपणास्त्राने अमेरिकेचं एक फँटम विमान पाडलं, आणि तीन दिवसांनी तळांवर हल्ला झाला. शत्रूच्या मिग लढाऊ विमानांचे तळ तर एप्रिल १९६७ पर्यंत वर्ज्यच होते. हवेत ज्या मिगशी झुंजायचं, ते जमिनीवर उतरलं की त्याला हात लावायचा नाही! जिवावर उदार होऊन उडणाऱ्यांना हे किती जाचलं असेल.

कारगिलबद्दल मात्र तुमचा लेख चुकतोय. नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, ही मे १९९९ मध्ये घातलेली अट शेवटपर्यंत कायम राहिली. अनिल टिपणीस तेव्हा हवाईदल प्रमुख होते. २७ मे रोजी दोन लढाऊ विमानं आणि दुसऱ्या दिवशी एमआय-१७ हेलिकॉप्टर आपण गमावलं. हेलिकॉप्टरमधले चौघेही गेले. मग सशस्त्र हेलिकॉप्टरं हल्ल्यातून काढली, विमानं खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर उंचावरून मारा करू लागली, मिराज विमानांवर लेझरने नेम धरणारे बॉम्ब आले. बदलली ती लढण्याची रीत.

दुसरं उत्तर : ‘मुभा’ आवडला, पण त्यात मनाई झाकली जाते. कारगिलमध्ये तर मनाईच महत्त्वाची होती. ‘माऱ्याच्या मर्यादा’ म्हटलं तर?

प्रश्नकर्ती : दोन्ही वापरते. ‘व्हिएतनाममध्ये माऱ्याची मुभा टप्प्याटप्प्याने वाढत गेली, कारगिलमध्ये माऱ्याची मर्यादा अखेरपर्यंत नियंत्रण रेषेवरच राहिली.’ आता वाक्य मराठी वाटतंय. कारगिलची चूक लेखकाला कळवते.