सेक्रेटरी ऑफ स्टेट : सचिव, मंत्री की चिटणीस?

शेवंती: आईची अमेरिकन नागरिकत्वाची मुलाखत येत्या मंगळवारी आहे. वय ५५च्या पुढे आणि ग्रीन कार्डला १५ वर्षं उलटलेली, त्यामुळे तिला इंग्रजीतून सूट मिळालीय. नागरिकशास्त्राचे प्रश्न दुभाष्यामार्फत मराठीतून होतील. अर्ज जुना, म्हणून १०० प्रश्नांची यादी. त्यातले १० पर्यंत विचारतात, ६ बरोबर आले की झालं. गाडी अडलीय ती 'कॅबिनेट पातळीवरची दोन पदं सांगा' इथे. मी वहीत 'सेक्रेटरी ऑफ स्टेट'साठी 'सचिव' लिहून दिलं, तर आई म्हणते, "सचिव म्हणजे फायलीवर शेरा मारणारा. मोठी माणसं विचारलीत ना?" दुभाषी काका 'परराष्ट्रमंत्री' म्हणतात. वहीत काय ठेवू?

घाटावरचा: मंत्री. पेपरात रोज 'अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री' छापून येतं, कुणाचं अडतं का? सचिव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आयएएसवाले येतात. मुंबईतल्या त्या इमारतीचंसुद्धा सचिवालय जाऊन मंत्रालय झालं ते उगीच नाही.

तळटीप: अडतं, माझं अडतं. मी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवतो. आपल्याकडे मंत्री सदनाचा सदस्य लागतो, नसेल तर ६ महिन्यांत व्हावं लागतं. तिथे बरोबर उलटं: काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, सदस्यत्व ठेवून कॅबिनेटमध्ये बसता येत नाही. हिलरी क्लिंटन यांनी २००९ साली सिनेटची जागा सोडली ती त्यासाठीच. ट्रेझरीच्या सेक्रेटरीला तुम्ही 'अर्थमंत्री' करता आणि मग मला उत्तरपत्रिकेत वाचावं लागतं, "अमेरिकेचे अर्थमंत्री संसदेत अर्थसंकल्प मांडतात." अहो, तिथे अध्यक्ष नुसता प्रस्ताव पाठवतो, पैशाच्या नाड्या काँग्रेसच्या हातात! हे सगळं त्या एका 'मंत्री'मुळे.

मोडीवाला: दोघंही चुकताय. मराठीत शब्द आहे की: चिटणीस. पक्षाचा सरचिटणीस चालतो, संयुक्त राष्ट्रांचा चालतो, मग यांचाच का नाही? त्याहून नेमका हवा तर 'सुमंत'. १६७४च्या राज्याभिषेकात डबीरचा सुमंत झाला, आणि परराज्यांशी व्यवहार हेच त्याचं काम.

घाटावरचा: म्हणा सुमंत. दुभाषी काका मुलाखत सोडून पळतील. आणि चिटणीसातला 'नीस' फारसी 'नवीस' ना? मग शुद्ध मराठी कुठलं?

मोडीवाला: शुद्धचा शब्दही काढला नव्हता मी. तीनशे वर्षं तोंडात घोळलेला शब्द आपला, मग तो फारसी असो नाहीतर पोर्तुगीज.

कैरीपन्हं: आमच्या सासूबाई बातम्या बघताना "अमेरिकेचा सेक्रेटरी" ऐकलं की म्हणायच्या, "त्याच्या बिल्डिंगला तरी पाणी येतं का विचारा." सोसायटीचा सेक्रेटरी सोडून दुसरा त्यांना माहीतच नव्हता :)
बाकी गंमत अशी की लॅटिनमध्ये सेक्रेटरी म्हणजे गुपितं सांभाळणारा, आणि संस्कृत 'सचिव' म्हणजे मुळात सोबती. सोबत्यालाच गुपित सांगतो ना आपण? मला सचिवच पटतो.

घाटावरचा: बरं, 'स्टेट'चं काय करणार? 'राज्य सचिव'?

तळटीप: ते तर मुळीच नको. तिथल्या बहुतेक घटक राज्यांत त्याच नावाचं आणखी एक पद असतं, आणि तो माणूस निवडणुकांचं काम बघतो. केंद्रातलं खातं १७८९ साली निघालं तेव्हा नाव सरळ 'परराष्ट्र खातं' होतं. मग त्याच वर्षी कायदे छापणं, राष्ट्राची मुद्रा सांभाळणं अशी घरगुती कामंही त्याच्या गळ्यात पडली, म्हणून नाव 'स्टेट' केलं. मुद्रा आजही त्यांच्याकडेच असते.

मोडीवाला: मुद्रा! मग तर चिटणीसच. माझ्या पणजोबांच्या दप्तरात...

शेवंती: दप्तर नंतर काढा हो, मंगळवार आलाय!

उंबरठा: शेवंतीताई, माझ्या बाबांची मुलाखत झालीय म्हणून सांगते. त्याच प्रश्नाच्या अधिकृत उत्तरांत उपाध्यक्ष आणि ॲटर्नी जनरलसुद्धा आहेत. तेवढी दोन पाठ करून घ्या. सेक्रेटरीचं नावच काढू नका.

शेवंती: देव तुमचं भलं करो. उपाध्यक्ष झाला. ॲटर्नी जनरलला मराठीत महाधिवक्ता म्हणायचं ना?

तळटीप: महाधिवक्ता राज्याचा. केंद्राचा तो महान्यायवादी. पण आपला महान्यायवादी मंत्रिमंडळात नसतो, त्यांचा ॲटर्नी जनरल आख्खं न्याय खातं चालवतो. तेव्हा दोन्ही चूक.

मोडीवाला: अष्टप्रधानांत न्यायाधीश होता, तो घ्या.

घाटावरचा: न्यायाधीश?? मग सुप्रीम कोर्टात कोण बसतं, सेनापती?

शेवंती: काकांना फोन केला. ते म्हणतात, मी आपला 'सरकारी वकील' म्हणेन.

तळटीप: सरकारी वकील म्हणजे पब्लिक प्रॉसिक्यूटर हो!